बाळंतपणाला माहेरी निघालेली पाखरं

एप्रिल लागला की किनाऱ्यावरच्या घरांत एकच घाई असते. अंगणात वाळवणं पडतात. सोडे, बोंबील, सुकट डब्यांत भरली जाते. कोकमं फोडून उन्हात घातली जातात, वर्षाचा मसाला कुटून होतो. आगोट जवळ आली, बेगमी करायला हवी, हे कोणी कोणाला सांगावं लागत नाही. हातांना ते आपोआप कळतं.

याच दिवसांत, घरापासून हाकेच्या अंतरावर, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात आणखी कुणीतरी अशीच बेगमी करत असतं. मूठभर आकाराची, मातकट रंगाची पाखरं. पाण्याच्या रेघेबरोबर तुरुतुरु धावणारी, थांबणारी, चोच खुपसणारी, परत धावणारी. आपण किनाऱ्यावर फिरायला जातो, भेळ खातो, मुलांना पाण्यात खेळवतो आणि ती तिथे आहेत हे आपल्या लक्षातही येत नाही. त्यांना मात्र आपल्याकडे बघायला फुरसत नसते. पुढच्या काही दिवसांत त्यांना हजारो किलोमीटर उडायचं असतं.

डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांतून 'पाहुणे पक्षी आले' अशा बातम्या येतात. शाळांच्या सहली निघतात, फोटो छापून येतात. पण पाहुणे परत कधी जातात, कसे जातात, जाताना काय काय करतात, याची चौकशी फारसं कुणी करत नाही. खरं तर किनाऱ्यावरचे पक्षी बघायचे तर चैत्रातच बघावेत. मार्चच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे हे सहा-सात आठवडे म्हणजे पाठवणीचा हंगाम.

आणि हे पक्षी जातात कुठे, तर माहेरी. मी हे गमतीने म्हणत नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत आहे ना, अगदी तस्संच. हे पक्षी जन्मले उत्तरेला, कुणी लडाख-तिबेटच्या पठारावर, कुणी कझाकस्तानच्या गवताळ माळांवर, तर कुणी थेट सायबेरियाच्या टोकाला, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. तिथली थंडी सोसवत नाही आणि खायलाही मिळत नाही म्हणून ते वर्षातले सात-आठ महिने आपल्याकडे काढतात. पण घरटं करायची वेळ आली की मायभूमीच आठवते. तिथल्या छोट्याशा उन्हाळ्यात बर्फ वितळतो, डासांचे आणि किड्यांचे थवे उठतात, पिल्लांच्या चोचीत भरवायला भरपूर मिळतं. ते दोन-अडीच महिने गाठायचे, तर निघायची वेळ चुकवून चालत नाही. लवकर पोहोचलं तर जमिनीवर बर्फ, उशीर झाला तर किड्यांचा हंगाम संपलेला.

मग हिला कळतं कसं की आता निघायचं? कॅलेंडर नाही, पंचांग नाही. दिवस मोठा होत जातो तो त्यांच्या शरीराला कळतो. उजेडाचे तास वाढले की आतली संप्रेरकं बदलतात आणि एकामागून एक तीन गोष्टी घडतात. पिसं बदलतात, भूक वाढते आणि जीव अस्वस्थ होतो. आपण बायकांनी संप्रेरकांचे हे सगळे खेळ स्वतःच्या अंगावर अनुभवलेले असतात. त्यामुळे यातलं आपल्याला जरा जास्तच समजतं, असं मला वाटतं.

आधी पिसांचं बघू. हिवाळ्यात आलेला पक्षी राखी-तपकिरी, मळखाऊ रंगाचा असतो. दहा प्रकारचे पक्षी एका रांगेत उभे केले तरी सगळे सारखेच दिसावेत. नव्याने पक्षी बघायला लागलेल्यांना इथेच घाम फुटतो. पण मार्च-एप्रिलमध्ये जणू प्रत्येक जण लग्नातला शालू काढून नेसतो. आपल्या किनाऱ्यावर शेकड्यांनी दिसणारा एक छोटा चिखल्या आहे. इंग्रजी पुस्तकांत त्याला वर्षानुवर्षं 'लेसर सँड प्लोव्हर' म्हणत. आता त्याच्या दोन जाती मानतात आणि आपल्याकडे येणाऱ्याला 'तिबेटन सँड प्लोव्हर' असं नाव मिळालं आहे. हिवाळ्यात वाळूच्या रंगाचा असणारा हा पक्षी एप्रिलमध्ये छातीवर विटकरी पट्टा आणि डोळ्यांवर काळा बुरखा घेऊन मिरवतो. दुसरा 'कर्ल्यू सँडपायपर', आपल्या तुतारी पक्ष्यांच्या कुळातला, किंचित बाकदार चोचीचा. हिवाळ्यात पांढुरका असणारा हा पक्षी चोचीपासून पोटापर्यंत विटेसारखा लाल होतो. एप्रिलमधल्या थव्यात अर्धे लाल झालेले, पाव लाल झालेले, नुसते ठिपके आलेले, असे सगळ्या पायऱ्यांवरचे पक्षी दिसतात. ग्रहमखाला निघालेल्या बायका एकमेकींची तयारी बघत असतात, तसा तो सगळा थाट असतो.

कुरव, म्हणजे सीगल, हेही असेच. जानेवारीत ज्याच्या कानामागे नुसता काळा ठिपका होता, त्याचं मार्चमध्ये अख्खं डोकं चॉकलेटी होतं. म्हणून तर त्याचं नाव तपकिरी डोक्याचा कुरव. अलिबागच्या किनाऱ्यावर वाळूत अंग चोरून बसलेला हा कुरव जूनमध्ये लडाखच्या तळ्यांकाठी अंड्यांवर बसलेला असू शकतो. आपण लडाखच्या सहलीला जायचं तर सहा महिने आधी बेत ठरवतो, विमानाची तिकिटं काढतो. हा हिमालयापार जातो तो स्वतःच्या पंखांवर.

आता बेगमीकडे येऊ. लांबच्या उड्डाणाला इंधन लागतं आणि पक्ष्याचं इंधन म्हणजे चरबी. आपल्याला वजन कमी करायच्या जाहिरातींनी भंडावून सोडलेलं आहे, पण पाखरांच्या जगात या दिवसांत लठ्ठ होणं हाच जगायचा मार्ग आहे. एक ग्रॅम चरबीतून साधारण नऊ उष्मांक मिळतात, पिठूळ पदार्थांतून जेमतेम चार. शिवाय चरबी जळताना शरीराला पाणीही मिळतं. म्हणून वाटेसाठी लाडूच बांधायचे तर ते तुपाचे, हे निसर्गाने ठरवून टाकलं आहे. जे पक्षी सर्वांत लांब उडतात, त्यांच्यातले काही तर निघण्याआधी वजन जवळजवळ दुप्पट करतात. त्याहून आश्चर्य म्हणजे, पोट भरून झालं की त्यांची आतडी आणि जठर आक्रसून लहान होतात. वाटेत खायचंच नाही, मग स्वयंपाकघराचं ओझं कशाला न्या! पोहोचल्यावर ते अवयव पुन्हा वाढतात.

'गॉडविट' नावाच्या लांब चोचीच्या पक्ष्याची हकिगत यासाठी सांगण्यासारखी आहे. २००७ साली शास्त्रज्ञांनी उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवून काही गॉडविटचा माग काढला. त्यातल्या एका मादीचा क्रमांक होता 'ई-७'. तिने अलास्काहून न्यूझीलंडपर्यंत अकरा हजार सहाशेहून जास्त किलोमीटरचं अंतर साधारण आठ दिवसांत कापलं. वाटेत एकदाही न थांबता, न खाता, न पिता. पुढे २०२२ साली जेमतेम पाच महिन्यांच्या एका पिल्लाने अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर अकरा दिवसांत पार केले. त्याच जातीचे पक्षी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही दिसतात. त्यांचा मार्ग वेगळा असतो, पण हिंमत त्याच घराण्यातली.

एवढी चरबी साठवायची तर चिखलात काय असतं? आपल्याला चिखल म्हणजे घाण. कोळणींना मात्र विचारा. ओहोटीच्या वेळी फळी, कोयती आणि टोपली घेऊन उतरणाऱ्या बायकांना पक्कं ठाऊक असतं की तिसऱ्या कुठे, मुळे कुठे, कालवं कुठे. चिखल हे भरलेलं फडताळच आहे. वरच्या थरात सूक्ष्म शेवाळ, त्याखाली बारीक किडे, मग शिंपले, खेकडे, खोल बिळांतले जाडजूड कृमी. आणि पाखरांनी हे फडताळ भांडणाशिवाय वाटून घेतलं आहे. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो वरवरचं, डोळ्यांना दिसणारं टिपतो. तुतारीची चोच मध्यम, ती बोटभर आत जाते. गॉडविट आणि कर्ल्यू यांची चोच लांब, ते खोलातलं उपसतात. या लांब चोचींच्या टोकाला स्पर्श जाणणारी अतिशय नाजूक जागा असते. चिखलाच्या आत किडा हलला की चोचीला कळतं. आपल्याकडे चिमटा, सांडशी, उलथणं, झारा प्रत्येकाचं काम वेगळं, तसंच हे.

या सगळ्यांत देखणा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तो तर चाळणी घेऊनच जन्माला येतो. मान खाली घालून, चोच उलटी धरून तो पाणी आत घेतो, जिभेने ढकलतो आणि शेवाळ तेवढं मागे ठेवतो. गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. नव्वदच्या दशकापासून मुंबईच्या खाडीत हे पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले आणि अलीकडच्या गणनांत त्यांची संख्या लाखाच्या पुढे गेली आहे. ते मात्र सायबेरियाला जात नाहीत. मे अखेर, पावसाचे ढग दिसू लागले की त्यांचा ओढा गुजरातकडे असतो. २०२२ साली 'बीएनएचएस'ने, म्हणजे आपल्या मुंबईच्या जुन्या निसर्ग इतिहास संस्थेने, ठाणे खाडीतल्या सहा रोहितांच्या अंगावर जीपीएस यंत्रं बसवली, तेव्हा हे जाणं-येणं नकाशावर स्पष्ट दिसलं.

मागच्या एप्रिलमध्ये आम्ही पाच-सहा मैत्रिणी अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर होतो. सूर्य समुद्रात टेकायला आला होता. चिखल्यांचा एक थवा वाळूवर बसला होता, पण त्या दिवशी त्यांच्यात काहीतरी वेगळं चाललं होतं. खाणं थांबलेलं. एक ओरडायचा, दुसरा उत्तर द्यायचा. मग तीस-चाळीस जण एकदम उठले, वर चढले, गोल फिरले. त्यातले सात-आठ जण मागे फिरले आणि पुन्हा वाळूवर येऊन बसले. उरलेले चढतच राहिले. आधी नुसता घोळका होता, मग त्याची तिरकी रेघ झाली आणि ती रेघ उत्तरेकडे निघून गेली. खाली बसलेल्यांच्या हाका कितीतरी वेळ चालू होत्या. आमच्यातल्या एकीची मुलगी नुकतीच शिकायला परदेशी गेली होती. ती काही बोलली नाही, फक्त चश्मा काढून पुसला. किनारी पक्षी बहुतेक असे संध्याकाळीच निघतात. रात्रीची हवा थंड आणि शांत असते, ससाण्याची भीती कमी असते आणि दिशा दाखवायला तारे असतात. सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व हे तिन्ही त्यांच्या ओळखीचं असतं.

मागे राहिलेल्यांचं काय? काही एक-दोन दिवसांनी निघतात. पण काही खरोखरच जात नाहीत. अनेक किनारी जातींमध्ये पहिल्या वर्षाचे तरुण पक्षी उन्हाळाभर इथेच राहतात. अंगात अजून ताकद नाही, संसाराचं वय नाही, मग कशाला एवढी दगदग? पुढच्या वर्षी बघू. त्यामुळे जूनच्या पावसातही किनाऱ्यावर चार-दोन मळकट चिखल्या दिसले तर ते आजारी आहेत असं समजू नका. ती वसतिगृहात राहिलेली पोरं आहेत.

आता तुम्हाला जायचं असेल, तर आधी भरती-ओहोटी बघायला हवी. पूर्ण ओहोटीला पाणी मैलभर आत जातं आणि पाखरंही त्याच्यामागे जातात. दुर्बिणीतूनसुद्धा ठिपकेच दिसतात. पूर्ण भरतीला चिखलच नसतो, ती कुठेतरी विश्रांती घेत असतात. पाणी चढत असताना, भरतीच्या आधीचे दोन तास सगळ्यांत उत्तम, कारण लाट त्यांना हळूहळू आपल्याकडे ढकलत आणते. भरतीची वेळ काढायची एक सोपी रीत कोकणातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असते, 'तिथीची पाऊणपट'. म्हणजे चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, भरती सुमारे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच, आणि एक भरती पहाटे-सकाळी तर दुसरी साधारण साडेबारा तासांनी. मुंबई-कोकणाच्या किनाऱ्याला हा आडाखा बऱ्यापैकी जुळतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, मुंबईत पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, पाण्याची चढउतार कमी. एकादशी-द्वादशीला सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर पोहोचलात तर पाणी चढतंय, ऊन कोवळं आहे आणि पाखरं जवळ येताहेत, असा तिहेरी योग साधतो. पंचांगाचा हा उपयोग आपल्या आज्यांना नक्कीच आवडला असता.

दुसरा मुद्दा उजेडाचा. आक्षी, नागाव, किहीम, दापोलीकडचं आंजर्ले, मंडणगडचं वेळास हे किनारे पश्चिमेला तोंड करून आहेत. तिथे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो, रंग स्वच्छ दिसतात. मुंबईतल्या शिवडीची खाडी मात्र पूर्वेला. तिथे सकाळी ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून दुपार कलल्यावर जावं. ऐरोलीला वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून हंगामात खाडीत बोटीने फेरी मारता येते. गुडघे दुखणाऱ्या आईला किंवा सासूबाईंना न्यायला ती जागा सोयीची. वेळासला मार्च-एप्रिलमध्ये कासवांची पिल्लं बघायला गर्दी होते. पहाटे पिल्लं समुद्रात गेली की सगळे चहाला पळतात. तुम्ही अर्धा तास थांबा, पाण्याच्या रेघेवर नजर ठेवा. एका तिकिटात दोन खेळ.

किनाऱ्यापर्यंत जाणं जमलं नाही तरी हरकत नाही. पांगारा आणि पळस फुलले की त्यांच्यावर काळ्या-गुलाबी भोरड्यांचे थवे कलकलाट करतात. त्याही मध्य आशियाला निघालेल्या असतात. तिथे टोळ खाऊन पिल्लं वाढवायची, ही त्यांची रीत. तारेवर ओळीने बसलेल्या भिंगऱ्या, गच्चीवर शेपूट हलवत फिरणारा धोबी एक दिवस दिसेनासे होतात. तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. दुधाचा हिशेब लिहितो ना, तसाच. तीन-चार वर्षांत तुमच्याकडे अशी माहिती जमेल जी कुठल्याही पुस्तकात नाही. हीच नोंद 'ई-बर्ड'वर टाकलीत तर अभ्यासकांनाही ती कामाला येते.

सामान फार लागत नाही. आठ बाय चाळीस किंवा बेचाळीसची दुर्बीण पुरते. मोठी घेतली तर हात थरथरतात. टोपी, पाणी, मातकट रंगाचे कपडे, वही-पेन्सिल. गट करून जा, म्हणजे संध्याकाळी उशीर झाला तरी काळजी नाही. आणि हे बायकांच्या पानावर मोकळेपणाने सांगायला हवं, बऱ्याच किनाऱ्यांवर स्वच्छतागृह धड नसतं. त्यामुळे जवळच्या ओळखीच्या घराची किंवा खानावळीची सोय आधी बघून ठेवा. पाणी कमी पिणं हा उपाय नव्हे. खाडीच्या चिखलात मात्र कधीही उतरू नका. कोळणींना पाय कुठे ठेवायचा ते कळतं, आपला पाय मांडीपर्यंत रुततो.

पक्षिनिरीक्षण म्हटलं की खाकी टोपीतले पुरुष डोळ्यांसमोर येतात. पण या छंदामागे बायका कमी नाहीत. डॉ. सालिम अली नोकरीशिवाय होते तेव्हा, १९३० च्या पावसाळ्यात किहीमच्या घराजवळ त्यांनी सुगरण पक्ष्याचा तो गाजलेला अभ्यास केला. त्या काळात आणि पुढच्या रानावनातल्या मोहिमांत पत्नी तेहमिना त्यांच्या सोबत होत्या. १९३९ मध्ये त्या गेल्या. विद्यापीठाची पदवी नसताना जमाल आरा यांनी छोटा नागपूरच्या जंगलात पक्षी पाहिले, 'बीएनएचएस'च्या नियतकालिकात लेख लिहिले आणि नॅशनल बुक ट्रस्टसाठी मुलांसाठी पक्ष्यांचं पुस्तक लिहिलं. आणि परदेशात तर पक्षी वाचवायची चळवळच बायकांनी उभी केली. एके काळी तिकडच्या बायकांच्या टोप्यांवर पिसांची, कधी अख्ख्या पक्ष्याची सजावट असे आणि त्यापायी बगळे, सुरय यांच्या वसाहतीच्या वसाहती मारल्या जात. १८८९ साली इंग्लंडात एमिली विल्यमसन यांनी आणि १८९६ साली बॉस्टनमध्ये हॅरिएट हेमेनवे व मिना हॉल या दोघींनी मैत्रिणींना चहाला बोलावून सांगितलं, की आपण पिसांच्या टोप्या घालायच्या नाहीत. त्या चहातून पुढे मोठ्या संस्था उभ्या राहिल्या आणि १९१८ साली अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपली भिशी आणि हळदीकुंकू यांची ताकदही कमी समजू नये, एवढंच मला म्हणायचं आहे.

कारण आज गरज आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत १६ स्थलांतरित किनारी पक्ष्यांचा धोका एकदम वरच्या श्रेणीत नोंदवावा लागला. त्यात आपला तो विटेसारखा लाल होणारा कर्ल्यू सँडपायपरही आहे. शिकारी हे एक कारण झालं, पण मोठं कारण म्हणजे वाटेवरचे चिखल नाहीसे होणं. भराव पडतो, बांध घातले जातात, पाणी अडतं, दूषित होतं. बेगमीची जागाच गेली तर ती कुठे करायची? अर्ध्या शिध्यावर निघालेली पाखरं वाटेत तरी पडतात, नाहीतर पोहोचून अंडी घालण्याइतकी ताकद त्यांच्यात उरत नाही. खाडी बुजली की इथे काहीच मरून पडलेलं दिसत नाही. नुकसान होतं ते हजारो किलोमीटरवरच्या घरट्यात.

कधी कधी मात्र ते इथेच, आपल्या डोक्यावर होतं. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या आकाशात उतरणाऱ्या एका विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि तीसहून जास्त पक्षी इमारतींच्या आवारात पडलेले सापडले. त्या सकाळचे फोटो ज्यांनी पाहिले, त्यांना ते विसरता येणार नाहीत. दुसऱ्या बाजूला चांगलंही घडलं आहे. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ साली रोहित अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला 'रामसर' क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पण अभयारण्याच्या कुंपणाबाहेर, उधाणाच्या वेळी पक्षी टेकतात त्या लहान लहान पाणथळ जागा तितक्याच महत्त्वाच्या असतात. आपल्या सोसायटीमागचं 'ते डबकं' त्यांतलंच एक असू शकतं. त्यावर राडारोडा पडायला लागला तर तक्रार करणाऱ्या पहिल्या सहीत आपलं नाव असावं.

बाकी आपल्या हातातल्या गोष्टी अगदी साध्या आहेत. बसलेल्या थव्यात मुलांना 'उडव उडव' म्हणून सोडू नका. फोटोसाठी मागे लागू नका. प्रत्येक वेळी उडताना साठवलेलं तूप खर्च होतं. कुत्र्याला साखळीला धरा. मांडव्याच्या बोटीतून कुरवांना कुरकुरे, गाठ्या भरवायची हौस आवरा. पुण्य लागत नाही, पक्ष्याचं पोट मात्र बिघडतं. आणि एखाद्या पाखराच्या पायात कडी किंवा रंगीत झेंडी दिसली तर रंग नीट लिहून घ्या आणि 'बीएनएचएस'ला कळवा. कुठल्या दूरच्या गावाहून ते निघालं होतं, हे त्या एका नोंदीवरून कळू शकतं.

जाता जाता एक गंमत. एप्रिलमध्ये कधीतरी खाडीत किंवा मिठागरात पाण्यावर भोवऱ्यासारखा गरगर फिरणारा एक छोटा पक्षी दिसतो, लाल मानेचा 'फॅलारोप'. हिवाळा तो चक्क अरबी समुद्रात, पाण्यावर तरंगत काढतो. याच्यात देखणी, झगझगीत असते ती मादी. नर साधा. ती अंडी घालते आणि तिचं काम संपतं. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं त्या बाबांकडे. आमच्या गटात हे कळल्यावर एक काकू म्हणाल्या, "पुढच्या जन्माची चौकशी इथेच करून ठेवते."

मे संपता संपता किनारा रिकामा होतो. चिखल तोच, लाटा त्याच, पण धावणारी पावलं नाहीत. थोडं सुनं वाटतं, लग्नघरातली पाहुणेमंडळी गेल्यावर वाटतं तसं. पण मग नैर्ऋत्येकडून वारा फिरतो, आभाळ भरून येतं आणि एखाद्या सकाळी माडाच्या पलीकडून 'पिऊ पिऊ' अशी हाक येते. डोक्यावर शेंडी मिरवणारा, काळा-पांढरा चातक आफ्रिकेहून अरबी समुद्र ओलांडून आलेला असतो. एकीची पाठवणी होते न होते तोच दुसरी पाहुणी दारात. ऑगस्ट सरला की उत्तरेकडचे चिखल्याही परततील, शालू उतरवून, पुन्हा मळखाऊ कपड्यांत. त्यांना उतरायला तेवढा चिखल मात्र आपण शिल्लक ठेवायला हवा.